हप्ता सुरू होण्याआधीची पाच वर्षं

माझ्या धाकट्या भावाची चाकूर तालुक्यात पावणेपाच एकर कोरडवाहू जमीन आहे. दरवर्षी मृगाच्या आधी पीककर्ज भरायचं आणि आठ-दहा दिवसांत परत उचलायचं, हे नवं-जुनं त्याने कधी चुकवलं नाही. मागच्या जूनमध्ये मात्र शाखेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघून मान हलवली. “मामा, तुमच्या नावावर थकबाकी दिसतीय.” भाऊ म्हणाला, “साहेब, माझ्याकडं कुणाचा एक रुपया नाही.”

थकबाकी होती ती त्याच्या लेकराच्या शैक्षणिक कर्जाची. इंजिनिअरिंग संपवून पोरगं पुण्याला गेलं, वर्षभर हप्ते भरले, मग कंपनीने एकदम बरीच माणसं कमी केली, त्यात त्याचीही नोकरी गेली. पप्पांना टेन्शन नको म्हणून घरी काही सांगितलं नाही. मधे सिमकार्ड बदललं, बँकेचे मेसेज जुन्या नंबरावर जात राहिले. पत्रं आली ती गावच्या पत्त्यावर, इंग्रजीत. भावाने ती देवघराच्या फळीवर नीट ठेवली होती. तीन पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांत, कर्जाच्या टेबलावर. शेकडो मुलांची शैक्षणिक कर्जं या हातांनी मंजूर केली. तरी माझ्याच भावाच्या घरात हे झालं, याची बोच मला आहे. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या घरी मुलाचं किंवा मुलीचं कर्ज आहे, किंवा या वर्षी काढायचं चाललं आहे, त्यांनी मंजुरीपत्र आलं असेल तर ते हातात घेऊनच पुढचं वाचावं.

आधी स्वतःचा हिशेब

बहुतेक पालकांना वाटतं, शिक्षण संपेपर्यंत बँक काही मागत नाही, म्हणजे तोवर कर्ज निजलेलं आहे. तसं नसतं. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. या काळात व्याज सरळ पद्धतीने, पण रोजच्या रोज चढतच असतं.

पुतण्याचाच हिशेब मांडतो. कर्ज ६ लाख, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षं कॉलेजच्या खात्यात गेले. व्याज सोयीसाठी १० टक्के धरू. पहिल्या वर्षीचे दीड लाख पाच वर्षं व्याज खातात, दुसऱ्या वर्षीचे चार वर्षं, तिसऱ्याचे तीन, चौथ्याचे दोन. सगळं मिळून व्याज होतं २ लाख १० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ६ लाखांचं उरलेलं नसतं, ते ८ लाख १० हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १०,७०० रुपयांच्या आसपास येतो.

हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. वर्षाचे हप्ते होतात सुमारे १ लाख २८ हजार. २०२५-२६च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. तो भाव पूर्ण मिळाला तरी वर्षाला २४ क्विंटल सोयाबीन नुसतं या हप्त्याला लागतं. बरं साल असलं आणि एकरी सहा-सात क्विंटल पडलं, तरी भावाच्या रानातल्या मालाचा मोठा हिस्सा. त्यात बी, खत, फवारणी, मळणी धरलेलीच नाही. शेतीच्या भरवशावर हे कर्ज फिटत नाही, ते मुलाच्या पगारावरच फिटायचं असतं. म्हणून कर्ज किती मिळतंय हे विचारण्याआधी हा कोर्स केलेल्या आपल्या भागातल्या मुलांना पहिला पगार किती लागला, ते कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता दोन वर्षं पुढच्या मुलांकडून माहीत करून घ्या.

आता याच काळात घरच्यांनी फक्त व्याज भरलं असतं तर? पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, पुढे ५,०००. पहिली दोन वर्षं ही रक्कम दुधाच्या पगारातून निघण्यासारखी आहे. तेवढं भरत गेलं तर हप्ता सुरू होताना कर्ज ६ लाखांवरच थांबतं, दहा वर्षांचा हप्ता ७,९०० वर येतो आणि एकूण हिशेबात सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. शिवाय या काळात व्याज भरत राहणाऱ्याला बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्का सूट देतात. मंजुरीपत्रात ते लिहिलेलं असतं. शाखेत कुणी आपण होऊन सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा. सगळं जमत नसेल तर पहिल्या दोन वर्षांचं तरी भरा.

मुदतीचंही असंच आहे. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हाच हप्ता १०,७०० ऐवजी ८,७०० होतो. दोन हजार कमी, म्हणून सगळे तीच घेतात, आणि नव्या नोकरीत ती घ्यायला माझी हरकत नाही. पण महिन्याला वाचणारे ते दोन हजार पाच वर्षं जास्त हप्ते भरायला लावतात आणि बँकेला एकूण पावणेतीन लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. मी मुलांना नेहमी सांगत आलो: मुदत लांब घ्या, म्हणजे वाईट महिन्यात गळ्याशी येणार नाही, आणि पगार वाढला की त्याच खात्यात जास्तीचे भरा. शैक्षणिक कर्जात मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड नाही. जास्तीची रक्कम भरताना मात्र “मुद्दलात जमा करून मुदत कमी करा” असं लेखी द्या, नाहीतर ती नुसती पुढच्या हप्त्यांत वळती होते.

दाखला एका कागदाचा, किंमत दोन लाखांची

पुतण्याच्या फाइलमध्ये मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. भावाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या कितीतरी खाली. ज्या कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, अशांच्या मुलांनी तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी इंडियन बँक्स असोसिएशनच्या (आयबीए) आदर्श योजनेतून १० लाखांपर्यंत कर्ज घेतलं, तर मोरॅटोरियमचं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९ पासून चालू आहे. कॉलेज नॅक मानांकित किंवा कोर्स एनबीए मानांकित लागतो, त्याचा होता. म्हणजे वरचे २ लाख १० हजार त्याला भरायचेच नव्हते. पण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला त्याने शाखेत दिला नाही, शाखेने मागितला नाही, आणि बँकेने वेळेत दावा पाठवला नाही तर अनुदान येत नाही.

म्हणून प्रवेशाच्या वर्षीच उत्पन्नाचा दाखला बँकेत द्या आणि दिल्याची पोच घ्या. पुढच्या जूनमध्ये खात्याचा उतारा काढून व्याजाच्या ओळीसमोर अनुदान जमा झालंय का ते बघा. नसेल तर तेव्हाच अर्ज करा, पाच वर्षांनी काहीच करता येत नाही. शिक्षण मधेच सोडलं तर हे अनुदान जातं, आजारपणाचं कारण वेगळं. आणि ते आयुष्यात एकदाच मिळतं, पदवीला घेतलं की पदव्युत्तरला नाही.

साडेचार ते आठ लाख उत्पन्नाच्या घरांसाठी नवी वाट आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांमध्ये (मंजुरीच्या वेळी ८६०) गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार याशिवाय कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याज सवलत. ही सवलत वर्षाला देशभरात एक लाख मुलांनाच आहे. तुमचं कॉलेज यादीत आहे का, ते प्रवेशफेरीत पर्याय भरण्याआधी योजनेच्या पोर्टलवर बघा. मॅनेजमेंट कोट्याचा प्रवेश यात बसत नाही.

राज्याकडचंही तपासा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, राहण्या-खाण्याला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आहे. हे सगळं महाडीबीटीच्या किंवा समाजकल्याणच्या वाटेने येतं आणि उशिरा येतं, हे खरं. तरीही जी फी सरकार भरणार आहे तिच्यासाठी कर्ज उचलू नका. मंजूर रक्कम पूर्ण उचललीच पाहिजे असं कुठेही नाही. ओबीसी, महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, वसंतराव नाईक, मौलाना आझाद या महामंडळांच्याही शिक्षणासाठी कर्जाच्या किंवा व्याज परताव्याच्या योजना असतात. त्यांची कार्यालयं नांदेडलाही आहेत आणि लातूरलाही. एक चक्कर मारा, निधी आहे का आणि या वर्षीच्या अटी काय, हे तोंडी न ऐकता लेखी घ्या.

बँकेच्या आधीचं कर्ज

नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांची एक वेगळी गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईच्या लेखांत येत नाही. आपल्याकडे मुलाच्या शिक्षणाचं कर्ज कॉलेजच्या आधीच सुरू झालेलं असतं. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगरच्या बाजूला नीटची तयारी करायला मूल ठेवायचं म्हणजे क्लासची फी, रूमचं भाडं, मेस. एक वर्ष, आणि रिपीट केलं तर दोन. शैक्षणिक कर्जाच्या योजनेत क्लासची फी बसत नाही. मग सोनं गहाण पडतं, आडतीवरून उचल येते, नाहीतर गावातल्या कुणाकडून शेकड्याने घेतात. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६०. बँकेचे १० टक्के त्याच्यापुढे काहीच नाहीत.

पण होतं उलटं. बँकेच्या नोटिशीची भीती वाटते म्हणून घरातला पैसा आधी तिकडे जातो आणि सावकाराचं “बघू दिवाळीला” म्हणून राहतं. पैसा हातात आला तर क्रम असा ठेवा: बँकेचा चालू हप्ता थकू द्यायचा नाही, आणि वरचा प्रत्येक रुपया सगळ्यात महाग कर्जात टाकायचा. सोनंतारण स्वस्त पडतं, म्हणून दागिना बँकेत ठेवून सावकाराचं मिटवता आलं तर मिटवा. कुणी परवान्याशिवाय सावकारी करत असेल, किंवा व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवून द्यायचा अधिकार त्यांना आहे. भीड वाटते, गावातलाच माणूस असतो, हे मला माहीत आहे. तरी हा रस्ता माहीत असू द्या. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपने तर हप्ता भरूच नका. एक भोक बुजवायला दुसरं पाडल्यासारखं होतं.

परदेशात एमबीबीएसला पाठवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया इथे आपली बरीच मुलं जातात. २०२१च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच वर्षाची इंटर्नशिप, मग भारतात परवाना परीक्षा आणि पुन्हा बारा महिन्यांची इंटर्नशिप. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, ३०० पैकी १५० गुण लागतात आणि पहिल्याच वेळी सगळे पास होत नाहीत. म्हणजे डॉक्टर म्हणून पहिला पगार हातात यायला सात-आठ वर्षं धरा. मोरॅटोरियम मात्र “कोर्स अधिक एक वर्ष” असंच लिहिलेलं असतं. सही करण्याआधी दोन्ही इंटर्नशिप त्यात धरून घ्या. घर किंवा प्लॉट तारण दिलेला असेल तर हे एक वाक्य तुमचं छप्पर वाचवू शकतं.

हप्ता झेपत नसेल तेव्हा

एक हप्ता चुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण दिवस मोजले जातात. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं आणि तिथून पुढे शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं काही राहत नाही. त्याच्याआधी तुम्ही त्याच्यापुढे जाऊन बसलात तर त्याला बरंच काही करता येतं. माझ्या टेबलावर जी मुलं चुकलेल्या पहिल्या महिन्यातच आली, त्यांच्यासाठी मी मार्ग काढू शकलो. जी वर्षाने वकिलाची नोटीस घेऊन आली, त्यांच्यासाठी मला इच्छा असूनही फार काही करता आलं नाही.

आयबीएच्या आदर्श योजनेत बेरोजगारीसाठी, किंवा पगार फारच कमी असेल तर, कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा, एकेका वेळी सहा महिन्यांपर्यंत हप्ता थांबवायची तरतूद आहे. अभ्यासक्रम वेळेत संपला नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळते. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ताही बांधून मिळतो. यातलं काहीच आपोआप मिळत नाही, मागावं लागतं, आणि तेही लेखी. अर्जात तीन गोष्टी असाव्यात: नोकरी कधी गेली त्याचा कागद, आज घरात येणारा पैसा, आणि तुम्ही आत्ता दरमहा किती भरू शकता तो आकडा. तो आकडा दोन हजार असला तरी लिहा. “जमेल तसं भरू” असं लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही. अर्जाची प्रत घेऊन तिच्यावर शिक्का आणि तारीख घ्या. थांबलेल्या महिन्यांचंही व्याज लागणार आहे, हे गृहीत धरा.

व्याजदर एकदा तपासा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेतून घेतलेलं बदलत्या दराचं कर्ज बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच जोडलेलं असतं, तेव्हा ते स्वस्त झालेलं असायला हवं. जुनं कर्ज जुन्याच पद्धतीवर अडकलेलं असेल तर नव्या पद्धतीवर न्यायला अर्ज द्या. खासगी वित्त कंपनीकडून तेरा-चौदा टक्क्यांनी घेतलं असेल आणि आता नोकरी पक्की असेल, तर सरकारी बँकेत ते हलवता येतं का ते विचारा. बदलत्या दराचं कर्ज फेडून टाकल्याचा दंड वित्त कंपनीलाही घेता येत नाही.

नोकरदार मुलांसाठी एक लहानशी गोष्ट: आयकरात ८०-ई म्हणून ओळखली जाणारी सवलत भरलेल्या सगळ्या व्याजावर आठ वर्षं मिळते. जुनी करपद्धती निवडली तरच, आणि जो भरतो त्यालाच.

हैदराबाद बँकेच्या जुन्या खातेदारांनी आणि ग्रामीण बँकेच्या खातेदारांनी अजून एक बघावं. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली, आणि १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. अशा वेळी आयएफएससी बदलतो, पगाराच्या खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता कधीकधी अडकतो, आणि पैसे खात्यात असूनही माणूस थकबाकीदार होतो. तीन महिन्यांतून एकदा कर्जखात्याचा उतारा घ्यायची सवय लावा. फोन नंबर आणि पत्ता बदलला तर त्याच आठवड्यात शाखेला कळवा, मुलाचाही आणि वडिलांचाही.

वसुलीवाले दारात किंवा फोनवर दमदाटी करत असतील तर घाबरून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नाही. शिव्या, धमक्या, नातेवाइकांना किंवा गावात सांगून अब्रू काढणं, यातलं काहीच चालत नाही. तारीख, वेळ, नंबर एका वहीत लिहा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. दंडाचंही लक्षात ठेवा: २०२४ पासून बँकेला थकलेल्या हप्त्यावर दंडाचं शुल्क लावता येतं, पण ते व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर बोट ठेवून विचारा.

आणि अगदीच हातघाईवर आलं तर राष्ट्रीय लोकअदालत. वर्षातून काही वेळा नांदेड आणि लातूरच्या न्यायालयांत ती भरते, दावा दाखल होण्याआधीची बँकेची प्रकरणंही तिथे येतात. व्याजात बरीच सूट देऊन बँक तडजोड करते. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, म्हणून जी रक्कम आणि तारीख कबूल कराल ती पाळता येईल एवढीच कबूल करा. तडजोडीने मिटलेलं खातं सिबिलमध्ये पूर्ण फेडलेलं दिसत नाही, ‘सेटल्ड’ असं दिसतं, आणि पुढे घराचं कर्ज काढताना ते आडवं येतं. चोविशीतल्या मुलाने हा रस्ता अगदी शेवटी धरावा.

सही कुणाची, ओझं कुणाचं

भावाला शेवटपर्यंत वाटत होतं की त्याने “साक्षीदार म्हणून” सही केली. आई-वडील शैक्षणिक कर्जात सहकर्जदार असतात. म्हणजे मुलाइतकेच कर्जदार. मुलाचा हप्ता चुकला की दोघांचंही सिबिल खाली येतं. पीककर्जाला सिबिलची सक्ती करू नका असं राज्य सरकार बँकांना वारंवार सांगतं, पण नावावर एनपीए दिसलं की शाखेत गाडी अडतेच. जामीनदाराचंही तेच. मामा, शेजारचे गुरुजी जामीन राहिले असतील तर कायद्याने त्यांची जबाबदारी कर्जदाराएवढीच आहे. मुलाने हप्ता चुकण्याआधी त्यांना फोन करावा, एवढं तरी त्यांचं देणं लागतो.

खरं तर ४ लाखांपर्यंत तारण नाही, जामीन नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राची हमी योजना आहे आणि त्यात बसणाऱ्या कर्जाला बाहेरचा जामीनदार मागायचा नाही. शाखेने मागितला तर नकाराचं कारण लेखी द्या म्हणावं, आणि जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरकडे जावं. काहींचा गैरसमज होतो की सरकारची हमी आहे म्हणजे सरकार फेडेल. हमी बँकेला असते. तुमचं देणं तुमच्याकडेच राहतं.

साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. शेत तारण दिलं तर सातबाराच्या इतर हक्कात बँकेचा बोजा चढतो. शेतजमिनीवर सरफेसी कायद्याने बँकेला थेट ताबा घेता येत नाही, कोर्टात जावं लागतं. पण बोजा असेपर्यंत ती विकताही येत नाही आणि वाटणीतही अडचण येते, म्हणून भावकीत सामाईक असलेलं शेत यात घालू नका.

पुतण्याचं काय झालं ते सांगतो. मी, भाऊ आणि तो, तिघं शाखेत गेलो. नवीन नोकरी लागली होती, बावीस हजारांची. थकलेल्यातले निम्मे भरले, सोयाबीनच्या पैशातून, त्याला इलाज नव्हता. उरलेल्याचे हप्ते आणि वाढीव मुदत बांधून घेतली. सगळी थकबाकी निघेपर्यंत एनपीएचा शिक्का पुसला जात नाही, त्याला पुढचे पाच महिने लागले. त्या खरिपाला पीककर्ज मिळालं नाही ते नाहीच. आता बँका निदान दर पंधरा दिवसांनी सिबिलला माहिती पाठवतात, त्यामुळे शेवटची थकबाकी भरल्यावर महिन्याभरात भावाचं नाव मोकळं झालं. आपला अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून घेतला, आणि भावाला मराठीत वाचून दाखवला.

कर्ज पूर्ण फिटलं की काम संपलं असं समजून लोक घरी जातात. थांबा. शाखेतून बेबाकी प्रमाणपत्र घ्या. तारण दिलं असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सातबारावर बोजा असेल तर ते प्रमाणपत्र घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ऑनलाइन ई-हक्कवर बोजा कमी करायचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा. माझ्याकडे दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच असलेले सातबारे घेऊन माणसं आली आहेत, मुलीच्या लग्नासाठी एकर विकायला निघालेली, आणि कर्ज दिलेली शाखा तोवर दुसऱ्या बँकेत विरून गेलेली.